पाच दिवसांत सेल का संपतात: सहा एकर डाळिंब आणि चौदा नोड

प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने सांगोल्याजवळ काकांच्या सहा एकर डाळिंबाच्या बागेत मातीचा ओलावा मोजून बिनतारी कळवणारे चौदा नोड, म्हणजे सेलवरची छोटी यंत्रं, बसवले आहेत. नोड कॉलेजच्या प्रयोगशाळेतले जुने, टेलॉसबी जातीचे, प्रत्येकी दोन अल्कलाइन डबल-ए सेलवर चालणारे. प्रोटोकॉल, म्हणजे नोडांनी आपसांत कधी आणि कसं बोलायचं याचे नियम, लीच: नोडांचे गट (क्लस्टर) करायचे, गटाचा प्रमुख आळीपाळीने बदलायचा आणि गटाचं मोजमाप त्यानेच पुढे पाठवायचं. सिम्युलेशनमध्ये नेटवर्क कित्येक महिने चाललं, बागेत मात्र पाचव्या दिवशी एकेक नोड गप्प झाला. तर लीचऐवजी कमी वीज खाणारा दुसरा कुठला प्रोटोकॉल घ्यावा?

दुसरा कुठलाही घेऊ नका, निदान आत्ता तरी. ‘पाचव्या दिवशी’ असं तुम्ही लिहिलंय ना, दुखण्याचं निदान त्यातच आहे.

हिशेब करून बघू. चांगल्या अल्कलाइन सेलमधून कमी प्रवाहाला साधारण २५०० एमएएच (मिलिअँपिअर-तास) मिळतात. दोन सेल एकामागे एक जोडले की व्होल्टेज दुप्पट होतं, एमएएच तेवढेच राहतात. टेलॉसबीचा प्रोसेसर जागा आणि रेडिओ ऐकण्याच्या अवस्थेत असेल तर नोड २१.८ मिलिअँपिअर ओढतो. २५०० भागिले २१.८ म्हणजे ११५ तास, पावणेपाच दिवस. तुमचे नोड नेमके तेवढेच जगले. याचा अर्थ त्यांचा रेडिओ पाच दिवसांत एकदाही बंद झाला नाही. लीचने क्लस्टर केले असतील, प्रमुख बदलले असतील, सगळं खरं. पण अख्खं गाव रात्रभर जागं ठेवून पाटीलकी कोणाकडे द्यायची एवढंच ठरवलं, तर तेलाचा खर्च कमी होत नाही.

या रेडिओची, म्हणजे सीसी२४२० चिपची, एक गोष्ट नव्या माणसाला पटत नाही. ती पूर्ण शक्तीने पाठवताना १७.४ मिलिअँपिअर घेते आणि नुसती ऐकताना १८.८. बोलण्यापेक्षा ऐकणं महाग. कान उघडे ठेवायचे म्हणजे अँटेनावरचा अतिक्षीण संदेश मोठा करणारी आणि उलगडणारी सगळी यंत्रणा सतत चालू हवी. हवेत काही असो वा नसो, बिल तेच. २००२ साली एस-मॅक हा प्रोटोकॉल मांडताना वेई ये, जॉन हायडमन आणि डेबोरा एस्ट्रिन यांनी ऊर्जा वाया जाण्याची चार कारणं नोंदवली होती: पॅकेटांची टक्कर, दुसऱ्याचं पॅकेट उगाच ऐकणं, नियंत्रणाच्या पॅकेटांचा बोजा आणि रिकामं ऐकणं. पंधरा मिनिटांतून एकदा दोन बाइट पाठवणाऱ्या तुमच्या बागेत पहिली तीन चवीपुरती. चौथं म्हणजे अख्खी पंगत.

मग सिम्युलेशनमध्ये हे का दिसलं नाही? लीचबरोबर जे रेडिओचं मॉडेल सगळे वापरतात, त्यात रिकाम्या ऐकण्याला किंमतच नाही. हाइन्झेलमन, चंद्रकासन आणि बालकृष्णन यांनी २००० साली मांडलेल्या त्या मॉडेलमध्ये एक बिट पाठवायला किंवा घ्यायला सर्किटचे ५० नॅनोज्यूल आणि अँप्लिफायरला अंतराच्या वर्गाच्या पटीत १०० पिकोज्यूल धरतात. बिट नसेल तेव्हा खर्च शून्य. क्लस्टर पद्धतींची आपसांत तुलना करायला ते पुरेसं आहे. सेल किती दिवस टिकतील हे त्यातून काढायला गेलात तर फसणारच.

त्याच मॉडेलने आणखी एक गोष्ट करून बघा, कागदावर पाच मिनिटांचं काम आहे. एका नोडने थेट पाठवलं तर एका बिटाला ५० अधिक ०.१ गुणिले अंतराचा वर्ग, एवढे नॅनोज्यूल. मध्ये एक नोड ठेवून दोन टप्प्यांत पाठवलं तर पाठवण्याचं सर्किट दोनदा चालतं, मधल्याचं घेण्याचं सर्किट एकदा, आणि अँप्लिफायरचा खर्च निम्मा होतो. दोन्ही बाजू सारख्या कधी होतात? सुमारे ४५ मीटरवर. त्याहून जवळच्या अंतरात मध्यस्थ घातला की तोटा. सहा एकर म्हणजे साधारण १५५ मीटर बाय १५५ मीटर. त्यात चौदा नोड, म्हणजे शेजाऱ्यांमधलं अंतर ४० मीटरच्या आसपास. क्लस्टर करून जे वाचवायचं होतं ते मुळात या बागेत फारसं नव्हतंच. आणि प्रत्यक्षातली चिप मॉडेलएवढीही उदार नाही. सीसी२४२० ची प्रक्षेपणशक्ती शून्य डीबीएमवरून (डीबीएम हे रेडिओच्या शक्तीचं माप) उणे २५ वर आणली, म्हणजे हवेत जाणारी शक्ती तीनशेपट घटवली, तरी प्रवाह १७.४ वरून ८.५ वरच येतो. निम्मा. ‘जवळ पाठवलं की स्वस्त’ हे गृहीतक घेऊन किती प्रबंध उभे राहिलेत, मोजायला नको.

तर पहिलं काम, रेडिओ बंद करायला शिकवा. तुम्ही नोडवर टायनीओएस ही ऑपरेटिंग सिस्टीम वापरत असाल तर त्यात लो पॉवर लिसनिंग आपोआप येत नाही, ते कंपाइल करताना मुद्दाम चालू करावं लागतं. नाहीतर रेडिओ एकदा सुरू झाला की प्रोग्रामने बंद करेपर्यंत सुरूच. माझा अंदाज आहे की तुमचं एवढंच राहिलंय.

लो पॉवर लिसनिंगमध्ये नोड ठरावीक वेळाने क्षणभर जागा होऊन हवेत काही हालचाल आहे का बघतो आणि पुन्हा झोपतो. बी-मॅकमध्ये (२००४) पाठवणारा त्या झोपेपेक्षा लांब हाक मारतो, म्हणजे झोपलेल्याला केव्हातरी जाग येतेच. एक्स-मॅकने (२००६) ती लांब हाक तोडून छोट्या छोट्या हाका केल्या. प्रत्येकीत ज्याला बोलवायचंय त्याचा पत्ता, त्यामुळे बाकीचे लगेच झोपतात आणि ज्याचं काम आहे तो मध्येच ‘आलो’ म्हणतो. काँटिकीमॅक (२०११) हाकेऐवजी खुद्द पॅकेटच पुन्हा पुन्हा पाठवतो आणि शेजारी कधी जागा होतो ते लक्षात ठेवून पुढच्या वेळी त्याच सुमारास दार वाजवतो. तिन्ही कल्पना सुंदर आहेत. ज्या नोडला कोणाचं तरी कधीही ऐकावं लागू शकतं, त्याच्यासाठी त्या आहेत.

तुमच्या नोडला ते लागतं का? काँटिकी ही टायनीओएससारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम, काँटिकीमॅक तिचाच; तिची नेहमीची मांडणी सेकंदाला आठ वेळा डोकावण्याची. पंधरा मिनिटांत ७२०० वेळा. एका पॅकेटसाठी ७२०० वेळा उठून दार उघडायचं, आणि येणारं कोणीच नाही. तुमचे चौदाही नोड फक्त सांगणारे आहेत, ऐकणारे नाहीत. बागेच्या मध्यावर एका चार मीटर पाइपवर गेटवे, म्हणजे सगळ्यांची पॅकेटं गोळा करणारं यंत्र, उभा केला तर सर्वांत लांबचा कोपरा ११० मीटरवर येतो. टेलॉसबीचा उघड्यावरचा पल्ला ७५ ते १०० मीटर दिलेला असतो, तेव्हा कोपऱ्यातले एकदोन नोड कुरकुरतील. त्यांचे अँटेना झाडांच्या वर काढा. २.४ गिगाहर्ट्झला ओली पानं फार आड येतात, आणि ११० मीटरच्या वाटेत मध्यावर लहरींना सभोवार साधारण १.८ मीटर मोकळी जागा लागते. तिच्यातली साठेक टक्के मिळाली तरी चालतं. दोन मीटर पीव्हीसी पाइपने जे होतं ते कुठल्याही राउटिंग अल्गोरिदमने होत नाही, हे माझं मत वीस वर्षांत बदललेलं नाही. एवढं करूनही एखादा कोपरा पोचला नाही तर तिथे एक मध्यस्थ ठेवा. त्याला छोटं सोलर पॅनल द्या आणि जागं राहू द्या.

मग प्रोटोकॉल उरतो केवढा? नोड उठतो, मोजतो, रेडिओ लावतो, हवा मोकळी आहे का बघतो, पाठवतो, पोचपावतीची क्षणभर वाट बघतो, झोपतो. दोन बाइटचं मोजमाप पाठवायला ८०२.१५.४ मध्ये (या रेडिओचं मानक) वरचं वेष्टन १७ बाइटचं. म्हणजे १९ बाइट, २५० किलोबिटच्या वेगाने हवेत ०.६ मिलिसेकंद. आवाज आहे का बघणं, क्रिस्टल स्थिर होणं, पावतीची वाट हे सगळं धरून दहा मिलिसेकंद मोकळ्या हाताने लावा. दिवसाला ९६ पॅकेटं, रेडिओ जागा एक सेकंदही नाही. दिवसाचा खर्च ०.००५ एमएएच. आणि झोपेतला प्रवाह १० मायक्रोअँपिअर धरला तर दिवसाला ०.२४ एमएएच. आता रेडिओपेक्षा झोप पंचेचाळीसपट महाग झाली! इथून पुढे रेडिओचा प्रोटोकॉल कितीही घासला तरी हाती काही लागणार नाही.

म्हणून थोडं विषयांतर. तुम्ही प्रोटोकॉल विचारताय आणि मी सर्किटवर बोलतोय, पण इलाज नाही. तुमच्या ओलाव्याच्या सेन्सरला पुरेसं व्होल्टेज मिळावं म्हणून बूस्ट मॉड्यूल लावलेलं असणार, आणि ते कायम चालू असणार. बाजारात मिळणारे कपॅसिटिव्ह सेन्सर पाचेक मिलिअँपिअर घेतात. ते सतत चालू राहिले तर रेडिओ पूर्ण बंद असतानाही सेल तीन आठवड्यांत संपतील, बूस्टचा तोटा धरला तर त्याआधीच. मॉड्यूलच्या अलीकडे एक मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) टाका, मोजण्याआधी शंभर मिलिसेकंद चालू करा आणि लगेच बंद. जे लोक नव्या बोर्डवर काम करतात त्यांनी व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटरही बघावा. सगळीकडे दिसणारा एएमएस१११७ स्वतःच पाच मिलिअँपिअर पितो, एमसीपी१७०० दीड-पावणेदोन मायक्रोअँपिअर. आणि तो लाल एलईडी उपटून टाका. रानात रात्री तो कोणाला दाखवायचाय?

आता ज्याने माझे स्वतःचे पैसे बुडवले, तो भाग.

मोहोळ तालुक्यात उसाच्या रानात बावीस नोड बसवले होते. सेल वर्षभर टिकतील असा माझा हिशेब, आणि टेबलावर तो खरा ठरला होता. गेटवे ठेवला मोटारीच्या खोलीत, कारण तिथे लाइट. शेतीच्या फीडरला थ्री फेज आठ तास, कधी दिवसा, कधी रात्री. मोटारीला ऑटो लावलेला, लाइट आली की मोटार आपोआप सुरू. मोटारीचं भागलं. माझा गेटवे मात्र रोज सोळा तास मेलेला असायचा. नोडला पावती मिळायची नाही म्हणून तो दर पाच सेकंदांनी पुन्हा पाठवायचा आणि प्रत्येक वेळी सेकंदभर कान देऊन बसायचा. सेकंदाला एक सेकंद नव्हे, पाचात एक, पण सोळा तास. रोज सत्तर एमएएच. पस्तिसाव्या-छत्तिसाव्या दिवशी सगळी रांग एकामागोमाग बसली. शेतमालक म्हणाले, ‘साहेब, लाइट गेल्यावर आमी झोपतोय, तुमचं मशिन का जागतंय?’ मी प्रोटोकॉलची पन्नास पानं वाचली होती, हा प्रश्न त्यात कुठेच नव्हता.

तेव्हापासून मी कुठलाही प्रोटोकॉल तपासताना पहिल्यांदा बघतो की पलीकडचा मेला तर अलीकडचा काय करतो. तीन प्रयत्न झाले की गप्प बसायचं, मोजमाप फ्लॅशमध्ये ठेवायचं आणि पुढच्या वेळी एकत्र पाठवायचं. तरीही पावती नाही तर थांबण्याचा काळ दुप्पट करत जायचा, पंधरा मिनिटं, अर्धा तास, तास, चार तासांपर्यंत. त्यात थोडा यादृच्छिक फरकही मिसळायचा. नाहीतर लाइट आली की बावीसच्या बावीस नोड एकाच क्षणी ओरडतात, टक्कर होते आणि पुन्हा तेच सुरू. साठवून पाठवण्याचा वेगळा फायदाही आहे. आठ मोजमापं वेगळी पाठवली तर १५२ बाइट, एका पॅकेटात पाठवली तर ३३. गेटवेला मी आता नेहमी छोटी बॅटरी आणि पॅनल देतो. शक्य असेल तर त्याला मोटारीच्या खोलीतून काढून वस्तीवरच्या घरात नेतो.

दुसरा फटका उन्हाचा. ठरलेल्या वेळी उठून ठरलेल्या वेळी बोलायचं, म्हणजे टीडीएमए किंवा २०१२ मध्ये ८०२.१५.४ई मधून आलेलं टीएससीएच, हे ऊर्जेच्या दृष्टीने सर्वांत काटकसरीचं. पण त्याला घड्याळं जुळलेली लागतात. नोडचं घड्याळ ३२.७६८ किलोहर्ट्झच्या क्रिस्टलवर चालतं. हे क्रिस्टल २५ अंशांना बरोबर असतं आणि त्यापासून जितकं दूर जाल तितकं मागे पडतं, तेही फरकाच्या वर्गाच्या पटीत, दर अंशवर्गाला ०.०३४ पीपीएम (दहा लाखांतले भाग). सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्यावर ठेवलेला बंद डबा आतून ६० अंशांना पोचतो. ३५ अंशांचा फरक, म्हणजे ४२ पीपीएम. दहा मिनिटांत २५ मिलिसेकंद मागे. टीएससीएचचा अख्खा स्लॉट, म्हणजे बोलण्याची एक पाळी, १० मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे सावलीतल्या गेटवेच्या मानाने उन्हातला नोड दहा मिनिटांत अडीच स्लॉट चुकतो, आणि एकदा वेळ चुकला की गेटवेला शोधत रेडिओ उघडा ठेवून बसतो. पुन्हा तेच रिकामं ऐकणं, वेगळ्या दाराने. उपाय साधे आहेत: डबा पांढरा, सावलीत, झाडाच्या उत्तरेला. नोडमध्ये तापमान मोजलं जातंच, त्यावरून घड्याळाची दुरुस्ती करणं चार ओळींचं काम. तुम्हाला तर टीएससीएचची गरजच नाही, पण व्हायवात कोणी विचारलं तर हा हिशेब मांडा.

कारखान्यातलं दुखणं तिसऱ्याच प्रकारचं. अक्कलकोट रोडच्या एका टॉवेलच्या कारखान्यात आर्द्रता मोजायला लो पॉवर लिसनिंगवाले नोड लावले होते. नोड डोकावायचा तेव्हा हवेत वाय-फाय चालू. त्याला वाटायचं आपल्यालाच बोलावतायत, म्हणून तो जागाच राहायचा. चॅनेल बदलून २६ केला, वाय-फायच्या १, ६, ११ पासून तो लांब पडतो, आणि ‘आवाज आहे’ असं मानण्याची पातळी थोडी वर नेली. नोड झोपायला लागले. बागेत हा त्रास नाही.

कोणीतरी तुम्हाला लोरा, म्हणजे लांब पल्ल्याचा कमी विजेचा रेडिओ, घ्या म्हणेल. चांगलं आहे, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ आपल्याकडे परवान्याविना वापरता येतं आणि पल्लाही मोठा. पण डोळे मिटून एसएफ १२ लावू नका. एसएफ म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर, तो वाढवला की पल्ला वाढतो, पण पाठवायला वेळही जास्त लागतो. १२ बाइटच्या मोजमापाला लोरावॅनचं (लोरावर चालणाऱ्या नेटवर्कचे नियम) १३ बाइटचं वेष्टन धरून एसएफ ७ वर हवेतला वेळ ६२ मिलिसेकंद, एसएफ १२ वर १४८० च्या पुढे. चोवीसपट. त्यावर एसएक्स१२७६ चिप २० डीबीएमला चालवली तर १२० मिलिअँपिअर, १३ डीबीएमला २९. दोन्ही गुणा, एका पॅकेटमागे शंभरपट फरक निघतो. तोही पाइप उंच करून वाचतो. आणि प्रत्येक पॅकेटला पावती मागू नका, गेटवे पावती देत असताना त्याला बाकीच्यांचं ऐकू येत नाही.

बागेकडे परत येऊ, कारण तुमच्या प्रकल्पातली खरी गंमत तिथे आहे. डाळिंबाला बहार धरण्याआधी महिना-सव्वा महिना ताण देतात, पाणी तोडतात. त्या दिवसांत ओलावा हळूहळू उतरतच जाणार, दर पंधरा मिनिटांनी ते सांगून काकांना काय मिळणार? दिवसातून दोनदा पुरे. ताण सोडून पहिलं पाणी दिलं की मात्र ठिबक चालू असताना दर दहा मिनिटांनी हवं, कारण पाणी मुळाखाली कधी उतरलं ते तेव्हाच कळतं. मधल्या काळात मागच्या पाठवलेल्या आकड्यापेक्षा ठरावीक फरक पडला तरच पाठवायचं आणि रोज दोन वेळा नुसती ‘जिवंत आहे’ अशी खबर द्यायची. वेग बदलल्याचा निरोप नोडला कसा द्यायचा? त्यासाठी त्याला ऐकत बसवायला नको. पोचपावतीत ‘अजून निरोप आहे’ असं सांगणारा एक बिट असतोच. तो दिसला तर नोड काही मिलिसेकंद जास्त थांबेल, नाही तर झोपेल. लोरावॅनचा क्लास ए याच तत्त्वावर चालतो, पाठवल्यानंतर एक आणि दोन सेकंदांनी दोन छोट्या खिडक्या उघडतो, बस्स.

मोजल्याशिवाय यातलं काही खरं मानू नका. मल्टिमीटर मायक्रोअँपिअरच्या रेंजवर ठेवला तर नोड जागा होताना त्याच्याच रोधाने व्होल्टेज पडतं आणि नोड रिसेट होतो, मग आकडे भलतेच येतात. दहा ओहमचा रेझिस्टर आणि कॉलेजचा ऑसिलोस्कोप घ्या, जागेपणाची आकृती स्पष्ट दिसते. झोपेचा प्रवाह मोजायला एक फॅरडचा सुपरकपॅसिटर पूर्ण भरून त्यावर नोड चालवा. १० मायक्रोअँपिअरला तासात ३६ मिलिव्होल्ट उतरतात. नोड न जोडता कपॅसिटर स्वतः किती गळतो ते आधी बघून वजा करा. आकृतीत न समजणारा एखादा उंचवटा दिसला तर तोच पकडा, तो बहुतेक विसरलेला टायमर किंवा बंद न केलेला पिन असतो.

प्रबंधाचं म्हणाल तर लीच काढून टाकू नका. सिम्युलेशनमध्ये रिकाम्या ऐकण्याचे १८.८ मिलिअँपिअर आणि झोपेचे मायक्रोअँपिअर घालून तेच पुन्हा चालवा. आलेख पाचव्या दिवशी कोसळेल, तो तुमच्या बागेतल्या नोंदींशेजारी ठेवा. मग रेडिओ बंद ठेवणारी साधी स्टार रचना, म्हणजे प्रत्येक नोड थेट गेटवेशी बोलणारी, त्याच मॉडेलमध्ये चालवा. काकांना सांगून या वेळी दोनच नोडांत नवे सेल घाला, एक उन्हात, एक सावलीत, आणि रोज संध्याकाळी सेलचं व्होल्टेज त्याच पॅकेटातून पाठवायला लावा.